ओकाफोरभाऊंचे अकरा कंद

कुंपणावरून डबा पुढे केला तेव्हा ओकाफोरभाऊ हसत होते. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, कुणीतरी विसरून गेल्यासारखं.

"हे कुठून आणलंत?"

"तुमच्याच बागेतून," मी म्हणाले. मी दुधाच्या क्रेटवर उभी होते, कारण इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्समधली पत्र्याची कुंपणं माझ्यापेक्षा उंच आहेत. "वेल पिवळा पडला होता. म्हटलं, तुम्ही हॉस्पिटलातून याल तर काहीतरी घरचं तोंडात पडावं. एकच कंद काढला. बाकीचे अकरा जिथल्या तिथे आहेत."

त्यांनी पुन्हा डब्यात पाहिलं. जिरं-मिरचीची फोडणी, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. दिसायला तरी काही खोट नव्हती. मग त्यांनी दोन्ही हातांनी हळूच झाकण लावलं.

"मामा मयूरा, हे मला खाता येणार नाही."

त्यांच्याकडे बाईला तिच्या मुलीच्या नावाने हाक मारतात, मयूराची आई म्हणून मामा मयूरा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मिशा फुटल्यासारखं वाटलं होतं. मीही त्यांना भाऊ म्हणू लागले. भाऊ म्हणजे काय ते सांगितल्यावर ते खूश झाले होते. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यांचं मास्तरी इंग्रजी आणि माझं टेलिफोन ऑफिसातलं. इथे सगळं मराठीतच सांगते, नाहीतर माझ्या चुका चव्हाट्यावर यायच्या.

त्या दिवशी मात्र मला तोंडात मारल्यासारखं झालं. पायात रक्ताची गाठ झाली म्हणून दहा दिवस माणूस हॉस्पिटलात होता. त्यांची मुलगी गोझी नर्स, तिला शिफ्टमधून डोकं वर काढायला फुरसत नाही. बागेला पाणी मी घालायचे. आणि एवढं करून भाजी परत? माझ्या हातचं चालत नाही की काय, हे माझ्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुम्ही खाल्लीत?"

"खाल्ली ना. नीरजानेसुद्धा खाल्ली." नीरजा माझी नात, सात वर्षांची.

"कशी लागली?"

मी म्हणाले, चांगली. त्यांना तेवढ्याने भागेना. मऊ होता की पिठूळ, तोंडात चिकटतो का, गोडी आधी लागते की नंतर, शिजायला किती वेळ लागला, शिजताना पाणी पांढरं झालं का. एकेक विचारत राहिले. शेवटी मी आमच्या कोनफळाशी जुळवून नीट सांगितलं, आमचं जांभळं असतं, हा पांढरा, आमच्यापेक्षा कोरडा, आणि गोडी गिळल्यावर मागे राहते. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी एकदा आवंढा गिळला.

मग त्यांनी कारण सांगितलं. भाऊ नायजेरियातल्या इग्बो मुलखातले, उमुनेकी नावाच्या शेतकरी गावचे. त्या गावात नवा कंद निघाला की थोरल्या घराण्यातला सगळ्यात वडील पुरुष आधी खातो. त्याने खाल्ल्याशिवाय गावचा कुणी नवा कंद तोंडाला लावत नाही, मग तो कुठेही असो. वडील पुरुष म्हणजे भाऊंचे थोरले भाऊ न्वांको, वय चौऱ्याऐंशी. ऑगस्टमध्ये गावात तो दिवस होतो. न्वांको खातात आणि मग ऑस्ट्रेलियात फोन करतात. फोनवर एकच शब्द बोलतात, 'खाल्लं'. त्यानंतर ओकाफोरभाऊ आपला कंद कापतात. चौदा वर्षं हे असं चाललं होतं.

आता इथली गंमत अशी की ऋतू उलटे. इथे कंद जूनमध्येच तयार होतो. म्हणजे हा माणूस दरवर्षी आपल्या हाताने पिकवलेला कंद काढतो, गॅरेजमध्ये लाकडी चौकटीला बांधून ठेवतो आणि दोन महिने नुसता बघतो. गोझी दुकानातून जुना, बाहेरून आलेला आणते, तो चालतो. घरचा नाही.

"नियम उमुनेकीच्या माणसांना," ते म्हणाले. "तुम्ही खाल्लंत त्यात काही बिघडलं नाही. नो वरीज." हा शब्द ते शाळेतल्या पोरांकडून शिकले होते.

मी मात्र क्रेटवर उभ्या उभ्या जीभ चावली. मुरूडजवळ माझं माहेर. आमच्याकडे आश्विनात दाराला 'नवं', म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, बांधल्याशिवाय, देवाला दाखवल्याशिवाय, नव्या तांदळाचं शीत कुणी खात नसे. लहानपणी मी मूठभर नवे पोहे चोरून खाल्ले होते तर आईने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आणि मी, त्या आईची मुलगी, दुसऱ्याच्या शेतात जाऊन नवं उकरून फोडणीला टाकलं.

डबा परत मागितला तर म्हणाले, "राहू दे माझ्याकडे. भाजी मी परत मातीत घालतो. डबा ऑगस्टमध्ये मिळेल. रिकामा परत करत नाही आम्ही."

"आम्हीही नाही करत," मी म्हणाले.

घरी मयूराला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "आई, यू कान्ट जस्ट गो डिगिंग इन पीपल्स गार्डन्स. विचारायचं तरी एकदा." जावई राघव बिचारा म्हणाला, अहो जाऊ दे, भाजी मस्त झाली होती. असे जावई हवेत.

ओकाफोरभाऊ शाळेच्या क्रॉसिंगवर उभे राहायचे. पिवळं जाकीट, पांढरी हॅट, हातात दांड्यावरची 'थांबा'ची गोल पाटी. इथे त्यांना लॉलीपॉप मॅन म्हणतात, आणि एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला लॉलीपॉप म्हणताना कुणाला काही वाटत नाही. गावाकडे ते बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होते. बायको गेल्यावर गोझीची जुळी सांभाळायला इथे आले. जुळी मोठी झाली, युनिव्हर्सिटीत गेली, घर रिकामं झालं, तेव्हा त्यांनी ही पाटी हातात घेतली. पोरांची गर्दी असल्याशिवाय त्यांना सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

माझं काय वेगळं होतं? ठाण्याच्या टेलिफोन ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली पहिली कितीतरी ट्रंक कॉल जोडण्यात. यजमान दत्तप्रसाद सहा वर्षांपूर्वी गेले, ठाण्याच्या घराला कुलूप लागलं आणि मी मयूराकडे आले. इथे सगळे माझी काळजी घेतात. पण 'काय गं वासंती' असं दरडावून विचारणारं जगात एकच माणूस उरलंय, माझी थोरली बहीण विमलताई. ती मुरूडला असते. दरवर्षी दाराला बांधलेल्या नव्याचा फोटो पाठवते, आणि तो फोटो आला की मी दिवसभर कामात चुका करते.

जुलैमध्ये सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा भाऊ पायाला घट्ट मोजा घालून पुन्हा क्रॉसिंगवर हजर. नीरजा आत गेली की मी तिथल्या बाकावर बसायचे. पोरांचा लोंढा ओसरला की भाऊही टेकायचे आणि उमुनेकी सांगायचे. आठवडा चार दिवसांचा, चारही दिवस बाजारांच्या नावाचे. ओकाफोर म्हणजे त्यातल्या आफो नावाच्या दिवशी जन्मलेला मुलगा. गावात तीन वाड्या. एका वयाच्या मुलांचा एक गट होतो आणि तो गट मरेपर्यंत एकत्र राहतो. झऱ्याची वाट भाऊंच्या गटाने साफ केली होती, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. गटातले आता चार उरले. लग्न होऊन गेलेल्या लेकी कुणी वारलं की परत येतात, आणि त्या आल्या की त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते. हे मला फार आवडलं. कंद हे पुरुषांचं पीक, बायकांचं पीक अळकुड्या, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हणाले, तरी तुमचा काढायला बाईच लागली. त्यावर ते इतके हसले की पाटी खाली पडली.

गाव कसं वसलं तेही त्यांनी बाकावरच सांगितलं, तीन सकाळी मिळून. घंटा झाली की गोष्ट थांबायची.

नेकी नावाचा माणूस दुष्काळातून निघाला. तीन मुलगे, एक लहान मुलगी, आणि पिशवीत एकच कंद. चालता चालता एका सावरीच्या झाडाखाली ते थांबले. मुलगे म्हणाले, हा शिजवून खाऊ. नेकीने ऐकलं नाही. त्याने कंदाचे डोळे पाहून तुकडे केले आणि पुरले. पानं, मुळं, जे मिळेल ते खाऊन त्यांनी दिवस काढले. कंद तयार व्हायच्या आधी मुलगी मेली.

"तिचं नाव?" मी विचारलं.

"कुणालाच माहीत नाही," भाऊ म्हणाले. "मुलग्यांच्या नावाच्या वाड्या झाल्या. तिचं राहून गेलं."

मग कंद निघाले. भरपूर निघाले. पण खायची कुणाची छाती होईना. या मातीने मुलगी घेतली आणि कंद दिला. देणगी आहे की सापळा? तेव्हा नेकी म्हणाला, आधी मी खातो. माती रागावलेली असेल तर मला घेऊ दे, मी जगून झालोय. त्याने एक तुकडा मुलीच्या नावाने झाडाखाली ठेवला आणि एक खाल्ला. मुलगे संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. सूर्य बुडाला तरी बाप जिवंत होता. मग त्यांनी खाल्लं. ते गाव म्हणजे उमुनेकी, नेकीची मुलं.

"लोकांना वाटतं पहिला घास मानाचा," ते म्हणाले. "मानाचा नाही तो. धोक्याचा आहे. म्हणून तो म्हाताऱ्याने घ्यायचा."

पण त्या धोक्याची त्यांना केवढी ओढ होती ते मला दिसत होतं. न्वांकोनंतर त्यांचा नंबर. त्यांच्या पलंगाखाली एक बॅग होती, तीत पांढरं वस्त्र आणि तांबडी टोपी घडी करून ठेवलेली. नंबर लागेल तेव्हा मी इथे नसेन, गावात असेन, असं ते नेहमी म्हणायचे. त्या झाडाखाली एक स्टूल आहे, त्यावर त्यांचे आजोबा बसले, वडील बसले, आता न्वांको बसतात. या माणसाला आयुष्यात दुसरं काही व्हायचं नव्हतं. एकदा त्या स्टुलावर बसायचं होतं.

त्याच सकाळी त्यांनी विचारलं, न्वांको फोनवर जे बोलतो त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी सांगितलं, खाल्लं. त्यांनी चार-पाचदा म्हणून पाहिलं. त्यांच्या जिभेला तो शब्द बरा बसला.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. फोन पाच वाजता यायचा होता. तिकडे सकाळचे आठ. चौकटीला दहा कंद बांधलेले, अकरावा त्यांनी बार्बेक्यूवर भाजून लाकडी पाटावर ठेवलेला, शेजारी वाटीत लाल पामतेल, मीठ, तिखट. माझा स्टीलचा डबा घासूनपुसून बाजूला. गोझी शिफ्टला होती. प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर आम्ही बसलो. लग्नघरात मुहूर्ताची वाट बघत बसतात तसे.

पाचला सात मिनिटं असताना फोन वाजला. भाऊंनी हसत उचलला.

मी एकतीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडले आहेत. समोरून काय बातमी आली ते माणसाच्या तोंडाकडे न बघता मला कळतं. वाईट बातमी आली की माणूस आधी रडत नाही. आधी वेळ विचारतो. कधी, किती वाजता. भाऊंनी त्यांच्या भाषेत एक छोटा प्रश्न विचारला, मग तोच पुन्हा विचारला, आणि मी उठून वाटीवर झाकण ठेवलं.

न्वांको आदल्या दिवशी गेले होते. सकाळी गावाने नव्या कंदाचा दिवस आठ दिवसांनी पुढे ढकलला, म्हणजे त्यांचे दोन आठवडे. आणि पुतण्याने फोन त्यासाठीच केला होता. थोरल्या घराण्यात आता वडील पुरुष ओकाफोर. अख्ख्या गावाचे कंद निघून पडले आहेत. काका, तुम्ही येताय ना?

भाजलेला कंद त्यांनी कापडात गुंडाळला आणि बागेत पुरला. कंद लावायला केलेल्या तिसऱ्या उंचवट्यात, माझ्या भाजीशेजारी.

पुढचे दिवस मला कुंपणापलीकडचे आवाज ऐकू यायचे. डॉक्टरने लांबच्या विमानप्रवासाला साफ नकार दिला होता. गाठ पायातून फुप्फुसात गेली तर आकाशात कोण काय करणार? भाऊंनी बॅग पलंगाखालून काढून दाराशी ठेवली. गोझीने पासपोर्ट लपवला नाही. तिने तो त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "जायचं तर जा, पण मी बरोबर येणार. विमानात तुम्हाला काही झालं तर मी नर्स म्हणून हात लावू की मुलगी म्हणून, ते आत्ताच सांगा." हे मला तिनेच नंतर सांगितलं. भाऊंनी पासपोर्ट उचलून तिच्या हातात दिला. बॅग मात्र दाराशीच राहिली.

तोडगा गावातल्या तरुण मंडळींनी काढला. व्हिडिओ कॉल. काकांनी तिथूनच खायचं, गाव झाडाखाली बसून बघेल, आणि मग खाईल. दोन दिवस गावात वाद झाला. शेवटी म्हाताऱ्यांनीही मान डोलावली आणि निरोप आला, ओकाफोर ठरवेल ते.

त्या संध्याकाळी भाऊ कुंपणाशी आले. मला क्रेटवर चढायला लावून म्हणाले, "मामा मयूरा, तुम्ही आयुष्यभर फोन जोडलेत. खरं सांगा. फोनवरून माणूस पोचतो का?"

मी ट्रंक कॉलवर लोकांना मरणाऱ्या आईशी बोलायला पाच मिनिटं उशीर झालेला पाहिलाय. नवऱ्याचा नुसता श्वास ऐकत बसलेल्या बायका पाहिल्यात. मला उत्तर माहीत होतं. पण मला त्यांना त्या स्टुलावर बसलेलं बघायचं होतं, कसंही करून, अगदी टीव्हीच्या पडद्यावर का होईना.

"पोचतो," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मान डोलावली.

रविवारी त्यांच्या अंगणात वीसेक माणसं जमली. लोगनहून, टूवूम्बाहून उमुनेकीची म्हणून जी होती नव्हती ती सगळी. राघवने आमचा टीव्ही उचलून त्यांच्या पॅटिओवर नेला, तारा जोडल्या आणि फोनवरचं चित्र मोठं केलं. नीरजा मांडी घालून पुढे बसली. पाच वाजले आणि पडद्यावर झाड आलं.

मी ते झाड पहिल्यांदा बघत होते तरी ओळखलं. खाली माणसंच माणसं. बायका, पोरं, लाठ्या टेकलेले म्हातारे. बुंध्याशी पानावर एक छोटा तुकडा ठेवलेला होता, त्या नाव नसलेल्या मुलीचा. मधोमध स्टूल, रिकामं. त्याच्या शेजारी जमिनीवर इबे नावाचे गृहस्थ बसले होते, घराण्यात भाऊंच्या खालोखाल वयाचे. इतकी माणसं, आणि एक आवाज नाही. ती सगळी आमच्या पॅटिओकडे बघत होती.

भाऊ पांढरं वस्त्र नेसून, तांबडी टोपी घालून खुर्चीवर बसले होते. रोजचं पिवळं जाकीट नसल्यामुळे ते मला अनोळखी वाटले, उंच वाटले. त्यांनी भाजलेला कंद कापला, तुकडा तेलात बुडवला आणि वर उचलला. दोन महिने नव्हे, चौदा वर्षांची भूक होती त्या हातात. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही.

हात तोंडापर्यंत गेला नाही. ते कितीतरी वेळ रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी तुकडा पाटावर ठेवला आणि बोलायला लागले. गोझी माझ्या कानाशी इंग्रजीत सांगत होती.

"नेकीने खाल्लं तेव्हा तो त्या मातीवर बसला होता. ती रागावली असती तर तो तिच्या हातात होता. मी समुद्रापलीकडे खुर्चीवर बसलोय. माझ्या घराला पत्र्याचं कुंपण आहे, हाक मारली की अ‍ॅम्ब्युलन्स येते. मला इथे कसलीच भीती नाही. ज्याला भीती नाही त्याने आधी खाऊन तुम्हाला कशातून वाचवलं? इबे, स्टूल रिकामं ठेवू नकोस. बस त्यावर. तू खा."

तिकडे कुजबुज झाली. इबे उठेनात. ते मान हलवत होते, हात जोडत होते. भाऊंनी पुन्हा एकदाच म्हटलं, आता आवाज मास्तरांचा, बत्तीस वर्षं पोरांना बाकावर बसवलेला. इबे उठले. गुडघे धरून स्टुलावर बसले. कुणीतरी त्यांच्या हातात तुकडा दिला.

त्यांनी खाल्लं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत राहिलं. पूर्वी संध्याकाळपर्यंत बघायचे, आता एक गाणं संपेपर्यंत बघतात. गाणं संपलं, इबेंनी दोन्ही हात वर केले आणि ढोल सुरू झाले. इकडेही हातात हात पडले, पाट फिरला, पोरं तेलाने माखली.

भाऊंनी तेवढ्यात टोपी काढली होती. ती काळजीपूर्वक घडी करून ते आत गेले, आणि बाहेर येईपर्यंत बराच वेळ गेला. आल्यावर सगळ्यांना वाढत राहिले. मी विचारलं, तुम्ही? ते म्हणाले, नंतर. मी घरी आले आणि मोरीत नळ सोडून रडले, कारण फोनवरून माणूस पोचतो असं मी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी माझ्या बोलण्याला मान देऊन सगळी तयारी केली होती. मयूरा दाराशी येऊन उभी राहिली. तिने टॉवेल पुढे केला.

सोमवारी सकाळी नीरजाने विचारलं, "आजी, इज मिस्टर ओ सॅड?" मी म्हणाले, असेल. क्रॉसिंगवर पोचलो तर पिवळं जाकीट आपल्या जागी. मोजा, हॅट, पाटी, सगळं जिथल्या तिथे. बाकावर माझा स्टीलचा डबा होता.

त्यांनी तो उचलून दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. जड होता.

"खाल्लं," ते म्हणाले. मराठीत, स्पष्ट.

आणखी काही बोलले नाहीत. थोरला भाऊही फोनवर त्या एका शब्दापलीकडे कधी बोलत नसे. पोरं जमली होती. त्यांनी शिट्टी वाजवली, पाटी वर केली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. नीरजा दप्तर उडवत पलीकडे पळाली, तिच्यामागून बाकीची.

मी बाकावर बसून झाकण उघडलं. भाजलेले तुकडे, लाल तेल, वर तिखट. हात लावला नाही. आधी त्यांच्याकडे बघत बसले, जसं बघायचं असतं तसं, सगळी पोरं पार होईपर्यंत. शेवटचं पोर फुटपाथवर चढलं. ओकाफोरभाऊ उन्हात ताठ उभे होते, त्यांना काही झालेलं नव्हतं.

मग मी खाल्लं.